पुण्याईचा पगार

आपल्या मराठीत काही शब्द मोठे सोज्ज्वळ दिसतात. पण त्यांचा उपयोग बहुधा दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी होतो. ‘समाधान’ हा त्यांतलाच एक. ज्याचा पगार वाढवायचा नसतो त्याला आपण समाधान देतो. ज्याला रजा द्यायची नसते त्याला पुण्य देतो. आणि जिला यांपैकी काहीच द्यायचे नसते तिला ‘मावशी’ म्हणतो.

हे मी वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या बायकांविषयी लिहीत आहे. क्वचित पुरुषही असतात, त्यांना ‘मामा’ म्हणतात; पण बहुसंख्या बायकांची. मी स्वतः उभा जन्म परिचारिकेचे काम केले, आणि त्यातली शेवटची वर्षे मुलींना ते काम शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जाते आणि तिथल्या बायकांना हातांनी करावयाच्या गोष्टी शिकवते: अंथरुणाला खिळलेल्या माणसाखालची चादर त्याला न उठवता कशी बदलावी, गिळण्याचा त्रास असणाऱ्याला घास कसा भरवावा, ऐंशी वर्षांच्या बाईला ओशाळे न वाटू देता आंघोळ कशी घालावी. त्या वृद्धाश्रमाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो वाईट नाही. वाईट असता तर हा लेख लिहिणे सोपे गेले असते. वाईटाला शिव्या देता येतात. मला चांगल्या वृद्धाश्रमांविषयी बोलायचे आहे.

वृद्धाश्रम म्हटला की आपल्या समाजाला दोनच पात्रे दिसतात: टाकून दिलेले आईबाप आणि कृतघ्न मुलगा. (सून अर्थातच पडद्याआड!) या दोघांवर आपण नाटके पाहिली, चित्रपट पाहिले, व्याख्यानांत हुंदके दिले. पण तिसऱ्या पात्राला आपण अजून रंगमंचावर येऊ दिलेले नाही. मुलगा निघून जातो, बाप दाराकडे पाहत बसतो, आणि पडदा पडतो. पडदा पडल्यावर त्या बापाचे धोतर ओले होते ते बदलणार कोण, हा प्रश्न नाटककाराला पडत नाही. प्रेक्षकालाही पडत नाही. तो पडतो फक्त तिला, जिची पाळी असते.

त्या पाळीचा हिशेब एकदा मांडून पाहू. आपल्या घरांत हिशेबाला नाके मुरडण्याची चाल नाही. वाण्याच्या यादीतले दहा रुपये आपण दोनदा तपासतो. मग हाही तपासा. एक मजला डोळ्यांसमोर आणा. त्यावर बावीस माणसे. त्यांतली बारा स्वतःहून कूस बदलू शकत नाहीत. अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, नाहीतर पाठीला, माकडहाडाला आणि टाचांना जखमा होतात, हा परिचर्येचा पहिला धडा. नीट वळवायचे, अंग पाहायचे, ओले असेल तर कोरडे करायचे, उशी गुडघ्यांत द्यायची, घोटभर पाणी पाजायचे, याला आठ मिनिटे धरा. बारा माणसांना शहाण्णव मिनिटे झाली. दोन तासांतली चोवीस मिनिटे उरली. त्यात उरलेल्या दहा माणसांचे लघवीला नेणे, घाबरून उठलेल्याला समजावणे, पडलेल्याला उचलणे हे सारे बसवायचे. रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळीत या सहा फेऱ्या होतात. म्हणजे बहात्तर वेळा एक माणूस उचलायचा. माणूस कापसाचा नसतो. आणि हे सगळे दोघींनी मिळून करावयाचे काम बहुतेक ठिकाणी रात्री एकटी बाई करत असते.

हा हिशेब जमत नाही, हे कोणालाही दिसेल. तो जमत नाही म्हणून कुठेतरी काहीतरी गाळावे लागते. पाणी गाळले जाते. बोलणे गाळले जाते. चौथी फेरी गाळली जाते. आणि सकाळी पाठीवर लाल चट्टा दिसला की व्यवस्थापक विचारतात, “मावशी, लक्ष कुठं होतं तुमचं?”

आता त्या बहुचर्चित समाधानाकडे येते. मी असे म्हणत नाही की या कामात समाधान नाही. आहे, आणि ते फार खोल आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत लातूरकडची एक बाई होती. शाळा चौथीपर्यंतची. तिच्या वाट्याला अर्धांगवायू झालेले एक गृहस्थ होते. एकदा मी तिला विचारले, “या कामात तुला बरं कशाचं वाटतं?” तिने पुण्याचे नाव काढले नाही, देवाचे काढले नाही. ती म्हणाली, “बाई, दोन वर्सं झाली, आजोबांच्या पाठीला एक फोड न्हाई आला. ते माझं हाय.” सुताराने चौकट काटकोनात बसवल्यावर त्याच्या तोंडावर जो आनंद दिसतो तोच मला तिच्या तोंडावर दिसला. हा कसबाचा आनंद होता. तो दयेतून येत नाही; काम नीट करता येण्यातून येतो.

अमेरिकेतील फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांना त्यांनी विचारले होते, की तुम्हाला कामात अत्यंत बरे केव्हा वाटले आणि अत्यंत वाईट केव्हा वाटले. निघाले ते असे, की या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या उलट नव्हती. बरे वाटण्याची कारणे कामाच्या आत होती: काम तडीस जाणे, त्याची कोणी दखल घेणे, जबाबदारी मिळणे. वाईट वाटण्याची कारणे कामाच्या भोवती होती: पगार, वरिष्ठांची वागणूक, नियम, कामाची परिस्थिती. पुढे या सिद्धांतावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातले. परंतु त्यातली एक गोष्ट आमच्या संस्थाचालकांनी भिंतीवर लिहून ठेवावी इतकी मोलाची आहे. आतल्या आनंदाने बाहेरची खोट भरून निघत नाही. कामावर जीव आहे म्हणून पोट भरत नाही, आणि आजोबांच्या पाठीला फोड नाही म्हणून स्वतःच्या पाठीची कळ थांबत नाही.

आम्ही मात्र नेमके उलटे केले आहे. बाहेरची खोट तशीच ठेवून आतल्या आनंदाकडे बोट दाखवतो. आणि बाई एकटी ठेवून तो आतला आनंदही मारतो. कारण चौथी फेरी गाळावी लागली, की दोन वर्षे जपलेली पाठ फुटते. त्या दिवशी त्या बाईच्या हातातून काय गेले याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. ती काम सोडून जाते तेव्हा आम्ही म्हणतो, “या बायका टिकतच नाहीत हो!”

आता ‘मावशी’ या संबोधनाविषयी. माय मरो पण मावशी उरो, असे म्हणणारा आपला समाज आहे. तेव्हा या शब्दात मायेचा अंश आहे हे मी नाकारीत नाही. पण नात्याने हाक मारण्यात एक सोय असते, ती कोणी उघड बोलत नाही. मावशीला कोणी कामाचे तास विचारत नाही. मावशीला जादा वेळेचे पैसे देत नाहीत. मावशीने पगार मागितला तर ती मावशी कसली? ‘आम्ही तुम्हाला घरच्यासारखं मानतो’ हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकले, त्या त्या वेळी त्याच्या पाठोपाठ काहीतरी नाकारले गेले आहे. त्या बाईला एक नाव असते, आडनाव असते. ते हजेरीपत्रकावर असावे, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर असावे आणि हाक मारतानाही कधी कधी आपल्या ओठांवर यावे. नंतर खुशाल मावशी म्हणा.

‘मानधन’ हा असाच दुसरा शब्द. मान द्यायचा म्हणून धन कमी, की धन कमी म्हणून मान, हे मला अजून उमगलेले नाही. अंगणवाडीच्या बायकांनी हे मानधन वर्षानुवर्षे घेतले. शेवटी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की त्यांना मिळते त्याला नाव काहीही द्या, ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते ते वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. शब्दाची झूल न्यायालयाने उचलली तेव्हा खाली कामगार निघाला. वृद्धाश्रमातल्या बाईवरची झूल अजून कोणी उचललेली नाही.

आणि २०२० सालच्या मार्च महिन्याची २२ तारीख कोण विसरेल? संध्याकाळी पाच वाजता आपण सज्जात उभे राहून थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली, त्यात गैर काही नव्हते. पण थाळीच्या आवाजाने कोणाचे घरभाडे भागत नाही. तिकडे कॅनडात त्याच साली पहिल्या लाटेत कोविडने जे मेले, त्यांतले सुमारे चार पंचमांश अशा निवासगृहांत राहणारे वृद्ध होते. ऑन्टारिओ आणि क्वेबेक या प्रांतांत काही ठिकाणी लष्कराला जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करावी लागली. श्रीमंत देश तो; मग असे का व्हावे? अनेक कारणांतले एक कारण असे, की एका गृहातल्या तुटपुंज्या पगारावर भागत नाही म्हणून बायका दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी कामे करीत, आणि त्यांच्याबरोबर रोगही या घरातून त्या घरात जाई. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च महिन्यातच आदेश काढला, की एकीने एकाच ठिकाणी काम करावे. आणि ते शक्य व्हावे म्हणून सगळीकडचे पगार एका पातळीवर वर आणले. पगार हा केवळ त्या बाईचा खासगी प्रश्न नसून आपल्या आईच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे, हे त्या प्रांताला ऐन साथीत कळले. आपल्याला साथ ओसरल्यावरही कळू नये?

कोणी म्हणेल, कायदा आहे की! आहे. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात म्हटले आहे, की राज्य शासनाने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम उभारावा व त्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय असावी. त्याच कलमात वैद्यकीय उपचारांचा उल्लेख आहे आणि करमणुकीच्या साधनांचाही आहे. ज्या हातांनी त्या दीडशे माणसांना उठवायचे, न्हाऊ घालायचे, भरवायचे, त्या हातांची संख्या किती असावी आणि त्यांना काय शिकवलेले असावे, याविषयी ते कलम मुके आहे. २०१९ साली या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले. त्यात काळजीगृहांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद होती. ते मंजूर होण्यापूर्वीच २०२४ साली त्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेले. म्हाताऱ्यांच्या बाबतीत विधेयकालाही घाई नसते!

आता काही आक्षेप घेऊ. पहिला मध्यमवर्गाचा, आणि तो खोटा नाही. “बाई दुप्पट ठेवल्या तर वृद्धाश्रमाचे शुल्क वाढेल. आम्ही आणायचे कुठून?” मी स्वतः निवृत्तिवेतनावर जगते; मला या प्रश्नाची धार ठाऊक आहे. परंतु हा प्रश्न त्या बाईच्या पगारातून सोडवायचा, असे कोणी ठरवले? जर्मनीने १९९५ साली दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा सुरू केला. जपानने २००० साली केला. तिथे चाळिशी ओलांडलेला माणूस त्याचा हप्ता भरतो. तिथे सारे आबादीआबाद आहे असे मी म्हणत नाही. त्यांनाही माणसे पुरत नाहीत, आणि म्हणूनच ते आपल्या दारात आले आहेत. २०२१ साली जपानने भारताशी कुशल कामगारांचा जो करार केला, त्यात वृद्धांच्या शुश्रूषेचे काम आहे. २०२४ साली आपल्या महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, त्यातही रुग्णसेवेची कामे आहेत. आपल्या मुली भाषा शिकून, परीक्षा देऊन तिकडे जाणार असतील तर मला आनंदच आहे. पण जे काम श्टुटगार्टात कसब ठरते, तेच सांगलीत पुण्य कसे ठरते, एवढे मला कोणीतरी समजावून सांगावे.

दुसरा आक्षेप भावनेचा. “पैशाने माया विकत मिळत नाही.” अगदी खरे. पण माया तरी फुकट टिकते का? शाळामास्तर पगार घेतो म्हणून त्याचा विद्यार्थ्यांवर जीव नसतो, असे आपण म्हणत नाही. डॉक्टरची फी चुकती करून आपण त्याला देवमाणूसही म्हणतो. पैसा आणि माया यांचे वैर आपल्याला नेमके या बाईच्या वेळीच का आठवते? उत्तर कटू आहे, पण सांगते. ज्या कामाला मलमूत्राचा स्पर्श आहे ते आपल्या समाजाने जातीच्या हवाली केले. ज्या कामाला आजारी शरीराचा स्पर्श आहे ते घरातल्या बाईच्या हवाली केले, आणि तिला त्याचा पगार कधी दिला नाही. वृद्धाश्रमात ही दोन्ही कामे एका जागी आली. एकाचा विटाळ आणि दुसऱ्याचे गृहीत धरणे, दोन्ही त्या बाईच्या पगारात उतरले.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. “या बायकाही काही कमी नसतात. म्हाताऱ्यांवर ओरडतात, हात उगारतात, वस्तू उचलतात.” होय, असे घडते. मी पाहिले आहे, आणि अशा बाईला कामावरून काढावे असे मी स्वतः लिहून दिले आहे. दुबळ्या माणसावर उगारलेल्या हाताला माझ्याजवळ क्षमा नाही. पण क्षमा नसणे आणि कारण न शोधणे या दोन गोष्टी वेगळ्या. जिला कोणी शिकवले नाही, जी बारा तास एकटी आहे, जिच्यावर देखरेख करायला कोणी जाणते माणूस नाही, तिच्या हाती आपण आपली आई सोपवतो आणि मग शीलाची अपेक्षा करतो. शील जरूर मागावे. पण त्याच्याबरोबर झोपही द्यावी.

हे काही नवे मागणे नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि पुढे तिथल्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे ते काम चांगल्या घरच्या बाईचे नव्हे, असेच लोकमत होते. त्या मतावर परिचारिकांनी मात केली ती पुण्यवान म्हणून नव्हे. त्यांना अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाली, नोंदणी मिळाली. १९४७ साली परिचर्या परिषदेचा कायदा झाला. माझ्या पिढीने जो मान मिळवला तो प्रमाणपत्राच्या पाठीवर बसून आला. वृद्धाश्रमातली बाई आज आमच्या शंभर वर्षे मागे उभी आहे, आणि आम्ही तिला ओवाळतो आहोत.

आणि हे काम कमी होणार नाही, वाढणार आहे. २०११ च्या जनगणनेत साठी उलटलेली माणसे दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात दर दहांत जवळजवळ एक. २०५० पर्यंत देशात दर पाचांत एक असेल असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. वाचकहो, हा अंक हाती घेऊन बसलेल्या तुमच्या घरातला जो चाळिशीचा कर्ता माणूस आहे, त्या पाचांतला तो एक आहे. त्याचे मूल कदाचित प्रेमळ असेल; पण ते टोरांटोला असेल.

म्हणून एक विनंती. पुढे कधी तुमच्यावर वृद्धाश्रम पाहायला जाण्याची वेळ आली, तर बाग पाहू नका, देव्हारा पाहू नका, भिंतीवरची सुभाषिते वाचू नका. थेट कार्यालयात जा आणि विचारा. रात्री एका मजल्यावर किती माणसांमागे किती बायका असतात? त्यांना काय शिकवले आहे आणि कोणी शिकवले? आठवड्याची सुट्टी पगारी आहे का? त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का? गेल्या वर्षभरात किती जणी काम सोडून गेल्या? ही पाच उत्तरे मिळाली की तुमच्या आईच्या पाठीचे भवितव्य तुम्हाला कळेल. उत्तर देताना चालक चिडले, तर तेही एक उत्तरच. आणि जे आश्रम चालवतात, देणग्या देतात, विश्वस्त म्हणून फलकावर नाव लावतात, त्यांना माझे सांगणे आहे की पुढची देणगी संगमरवरासाठी देऊ नका. ती पगाराच्या खात्यात द्या. त्यावर तुमचे नाव कोरता येणार नाही, एवढीच काय ती अडचण.

त्या बाईला समाधानाचा उपदेश आता पुरे. ते कसे मिळवायचे हे तिला आपल्यापेक्षा बरे कळते. तिला रात्रपाळीला एक जोडीदारीण द्या.